विद्यार्थ्याचें आजारपण आणि हजेरीचा नियम

आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, तो वरवर पाहतां रुक्ष व कचेरींतला वाटण्याचा संभव आहे. कॉलेजांत शिकणारा विद्यार्थी आजारी पडला तर त्याला रजा मिळते काय, ती कोणी द्यावयाची, आणि रजा संपल्यावर त्याची जागा व त्यानें केलेला अभ्यास शिल्लक राहतो काय, एवढाच हा प्रश्न आहे. पण ज्या घरावर हा प्रसंग येऊन गेला आहे त्या घरांतील माणसें या प्रश्नाला रुक्ष म्हणणार नाहींत. त्यांतून आजार शरीराचा नसून मनाचा असेल, तर हा प्रश्न विचारावयाचा कोणाला, येथपासूनच अडचण सुरू होते.

आकुर्डीच्या स्टेशनावर सकाळच्या लोकल गाडींतून उतरणारी गर्दी पाहिली म्हणजे तिचे दोन प्रवाह होतांना दिसतात. एक कारखान्यांकडे वळतो, दुसरा कॉलेजांकडे. गांव मुळांत लहान. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी येथल्या विठ्ठलमंदिरांत मुक्काम करते, ही त्याची जुनी ओळख. बजाज कंपनीच्या स्कूटरींनीं त्याचें नांव देशभर नेलें. पुढें १९८४ सालीं डी. वाय. पाटील अभियांत्रिकी कॉलेज निघालें. १९९९ सालीं स्टेशनाजवळच, प्राधिकरणाच्या वसाहतींत, पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग उभें राहिलें. आणि आतां आसपासच्या इमारतींतून एकेका खोलींत तिघे-चौघे याप्रमाणें परगांवचीं मुलें राहतात. पुष्कळ घरांत तर बाप कारखान्यांत व मुलगा कॉलेजांत, असा प्रकार आहे. आजारी दोघेही पडतात. त्यांच्या आजारपणाकडे नियम कोणत्या दृष्टीनें पाहतो, तें जरा ताडून पाहूं.

बापाचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आंत असेल व त्याचा कारखाना कामगार विमा योजनेच्या, म्हणजे ज्याला सारे 'ई. एस. आय.' म्हणतात तिच्या, कक्षेंत येत असेल, तर त्याच्यासाठीं चिंचवडच्या मोहननगरांत इस्पितळ आहे. ही योजना १९४८ सालच्या कायद्यानें सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्यें तो कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला. योजना चालूच आहे. वर्गणीच्या अटी पुऱ्या केलेल्या कामगारास आजारपणांत वर्षाकाठीं ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तींत तरतूद आहे. क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांची एक निराळी यादी आहे. त्यांपैकीं एखादा जडला तर पगाराच्या ८० टक्के दरानें दोन वर्षांपर्यंत मदत मिळूं शकते, आणि या यादींत गंभीर मनोविकारही आहेत. शिवाय आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगारास मालकानें कामावरून काढूं नये, असें त्या १९४८ च्या कायद्याच्या ७३ व्या कलमानें बजावलें होतें. या योजनेच्या कारभाराविषयीं तक्रारी पुष्कळ ऐकूं येतात, तो भाग वेगळा. पण माणूस आजारी पडतो, त्याला अवधि लागतो, आणि तोंवर त्याची जागा राखली पाहिजे, एवढें तत्त्व तिनें मान्य केलेलें आहे.

आतां मुलाकडे वळूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबानें एका सत्रांत अध्यापनाचे ९० दिवस असावेत. बहुतेक कॉलेजांत ७५ टक्के हजेरी लागते. वैद्यकीय पदवीला वर्गांत ७५ व प्रात्यक्षिकांत ८० टक्के. कायद्याच्या पदवीला २००८ सालच्या नियमांप्रमाणें ७० टक्के. नव्वदाचे ७५ टक्के म्हणजे साडेसदुसष्ट. म्हणजे मुलाला साऱ्या सत्रांत चुकविण्यासाठीं सुमारें २२ दिवस आहेत, आणि त्यांतच बहिणीचें लग्न, गांवची जत्रा व चुकलेली लोकल हीं सारीं बसवावयाचीं! बापाला ९१ आणि मुलाला २२.

या बावीस दिवसांत काय बसतें? विषमज्वर बसतो, तो तीन आठवडे घेतो आणि पुढें अशक्तपणा राहतो, पण डॉक्टरांचें प्रमाणपत्र जोडून प्राचार्यांकडून थोडी सूट मिळवतां येते. डेंग्यू बसतो. मोडलेला हात प्लास्टरसकट वर्गांत येऊन बसतो. परंतु नैराश्याचा आजार बसत नाहीं. त्यावरचीं औषधें सुरू केलीं म्हणजे गुण दिसूं लागण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कित्येकदां सहा; पहिलें औषध लागू पडलें नाहीं तर दुसऱ्यासाठीं पुन्हां तितकेच. बरें वाटूं लागल्यावरही औषध कित्येक महिने चालू ठेवावें लागतें. म्हणजे पहिल्या औषधाचा गुण येतो न येतो तोंच हे बावीस दिवस संपलेले असतात. तेंही मुलगा पहिल्या दिवशींच डॉक्टरांकडे गेला तर. आणि तसा तो जात नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका घरची हकीगत सांगतों. मुलगा आकुर्डीचा, कॉलेज मात्र दूरच्या गांवचें. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. मुलगा दुसऱ्या वर्षास होता, बुद्धीनें चांगला. दिवाळीस घरीं आला तो पुन्हां जावयास तयार होईना. दिवसभर अंथरुणांत, जेवण नाहीं, कोणाशीं बोलणें नाहीं. वडिलांचा निदान मोबाईलवर स्थिरावला. आईच्या मात्र लक्षांत आलें कीं मुलगा चार-चार दिवस आंघोळ करीत नाहीं, आणि तो आळस नव्हे. शेवटीं मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं औषध दिलें, आणि तीन महिने विश्रांति लागेल असें स्वच्छ प्रमाणपत्र लिहून दिलें. तेव्हां घरांत खलबत झालें. मुलाचे मामा शहाणे व व्यवहारी. ते म्हणाले, "हा कागद कॉलेजांत देऊं नका. जन्मभर फाईलला राहील. उद्यां नोकरीसाठीं कंपनी आली म्हणजे काय सांगाल?" मग ओळखीच्या एका डॉक्टरांकडून कावीळ झाल्याचें पंधरा दिवसांचें प्रमाणपत्र आणून तें पाठविण्यांत आलें. कारकुनानें तें बिनतक्रार घेतलें. पण पंधरा दिवस झाल्यावर कावीळ बरी झाली. मुलगा मात्र बरा झाला नव्हता. आतां आणखी रजा कशाच्या नांवावर मागावयाची? खोट्या आजारासाठीं खऱ्या आजाराइतका अवधि मागतां येत नाहीं, हें त्या हुशार मामांच्याही ध्यानांत आलें नव्हतें. टर्म मिळाली नाहीं, वर्ष गेलें, आणि कॉलेजच्या दप्तरांत नोंद राहिली ती एका अनियमित विद्यार्थ्याची.

यांत दोष कोणाचा? मामांना मी दोष देत नाहीं. त्यांनीं जग पाहिलें आहे. कॉलेजलाही पुरता देतां येत नाहीं, कारण खरें काय तें त्याला कधीं कळलेंच नाहीं. पण खरें कळलें असतें तरी पुढें काय झालें असतें? येथें नियमांतील एक पोकळी दृष्टीस पडते, आणि तीच मला मुख्यतः दाखवावयाची आहे.

आपल्या विद्यापीठांच्या नियमांत 'सूट' आहे. 'रजा' जवळजवळ नाहीं. सूट म्हणजे हजेरी कमी भरली तरी ती पुरेशी भरली असें मानणें. रजा म्हणजे अभ्यास कांहीं काळ थांबला आहे असें उघड मान्य करून विद्यार्थ्याची जागा राखणें. दोहोंत मोठा फरक आहे. सुटीच्या अर्थानें जी 'रजा' आपण शाळेंत चिठ्ठी देऊन घेत असूं, ती नव्हे. मी म्हणतों ती महिन्यांची किंवा सत्राची रजा. पालखी आकुर्डीस मुक्कामाला थांबली म्हणजे वारी मोडली असें कोणी म्हणत नाहीं; पण विद्यार्थी थांबला कीं तो मोडला, असें आपलें दप्तर समजतें. त्याच्या रकान्यांत हजर व गैरहजर एवढे दोनच शब्द आहेत.

हा हजेरीचा नियम आला कोठून, हें पाहण्यासारखें आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें व 'टर्म भरणें' हा प्रयोग आपल्याकडे रूढ झाला. विलायतेंत बॅरिस्टर होऊं पाहणाऱ्यास आपल्या संस्थेच्या दिवाणखान्यांत ठराविक मेजवान्या जेवून टर्म भरावी लागे. जेवला नाहीं तर टर्म बुडाली! आपल्याकडे जेवणांच्या जागीं तास आले. पुढें १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें, २०१४ सालीं त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव मिळालें, अभ्यासक्रम कितीदां बदलले. पण सत्र संपतांना 'टर्म ग्रँट झाली काय?' हा प्रश्न विद्यार्थी एकमेकांस अजून त्याच शब्दांत विचारतात.

नियम मुळांतच वाईट आहे असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. ज्यानें लेथवर कधीं हात ठेवला नाहीं त्याला यंत्रशास्त्राची पदवी द्यावी, किंवा ज्यानें रुग्ण पाहिले नाहींत त्याला डॉक्टर म्हणावें, असें कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाहीं. उलट याच कारणासाठीं सूट ही अर्धवट गोष्ट आहे. सूट दिली म्हणजे न केलेलें काम केलें असें धरावें लागतें. म्हणून प्रामाणिक शिक्षक ती देतांना कां कूं करतो, आणि तें योग्यच आहे. रजेमध्यें न केलेल्या कामाचें श्रेय कोणी मागत नाहीं. तें काम परत आल्यावर करावयाचें असतें. मागणें फक्त एवढेंच, कीं मधल्या काळांत नांव काढूं नये, केलेलें वाया घालवूं नये, आणि थांबल्याबद्दल शिक्षा करूं नये. शिक्षणाचा दर्जा सांभाळूं इच्छिणाऱ्यांनीं तर सुटीपेक्षां रजेचाच पुरस्कार करावयास हवा.

आपल्या इतिहासांतलीं दोन उदाहरणें येथें आठवतात. लोकमान्य टिळक १८७२ सालीं मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजांत गेले, तेव्हां त्यांची प्रकृति किरकोळ होती. पहिलें वर्ष त्यांनीं व्यायाम, कुस्ती व पोहणें यांना वाहिलें, शरीर कमावलें, आणि परीक्षेंत ते नापास झाले. पुढें पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, हें सर्वश्रुत आहे. ही गोष्ट आपण मुलांना कौतुकानें सांगतों. पण हिशेब पाहिला तर ती नापास होऊन घेतलेली रजा होती, आणि प्रकृतीसाठीं वर्षभर थांबावयाचें तर आमच्या बहुसंख्य मुलांपुढें आजही तीच एक वाट आहे. दुसरें उदाहरण डॉ. आंबेडकरांचें. १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. कारण आजाराचें नव्हे, पैशाचें होतें. पण चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुढें चालू करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून मिळविली होती. मध्यंतरीं त्यांनीं मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन केलें, पैसे जमविले, १९२० सालीं ते परत गेले, १९२१ सालीं एम. एस्सी. व १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. त्या एका परवानगीनें काय राखलें याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

आपल्याकडे रजेची कल्पना अगदींच अनोळखी आहे असेंही नाहीं. ती तुकड्यातुकड्यांनीं आलेली आहे. पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूतीची वा बालसंगोपनाची रजा देतां येईल, असा नियम २०१६ सालीं झाला. डिसेंबर २०२१ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींसाठींही अशी रजा व हजेरींत सवलत देणारे नियम करण्याबद्दल विद्यापीठांस लिहिलें. जानेवारी २०२३ मध्यें कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठानें मासिक पाळीसाठीं विद्यार्थिनींना हजेरींत दोन टक्के सूट दिली, आणि केरळ सरकारनें ती लगोलग राज्याच्या इतर विद्यापीठांत नेली. जुलै २०२१ मध्यें श्रेयांकांची बँक निघाली. तींत जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकतात, म्हणजे निदान केलेला अभ्यास वाया जात नाहीं. अभ्यासक्रमाच्या नियत वर्षांनंतर साधारणतः आणखी दोन वर्षांची मुदत विद्यार्थ्यास असावी, असें आयोगानें २०१५ सालीं ठरविलें. आणि २०२० सालच्या एप्रिलअखेर याच आयोगानें असें सुचविलें, कीं टाळेबंदीचा काळ सर्व विद्यार्थ्यांनीं हजर राहून काढला असें मानावें. साऱ्या देशाची गैरहजेरी एका परिपत्रकानें माफ होऊं शकली! एकट्या मुलाची मात्र तीन महिन्यांची रजा कोणत्या रकान्यांत लिहावी हें आम्हांला सुचत नाहीं.

मनाच्या आजारासंबंधीं कायदा पुष्कळ पुढें गेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अमलांत आला. आरोग्यसेवेच्या बाबतींत मनाच्या रोग्यास शरीराच्या रोग्याबरोबरीनें वागवावें, असें त्याचें २१ वें कलम सांगतें. त्याच्या आजाराची माहिती गुप्त राखावी, असें २३ वें. परंतु हा कायदा इस्पितळांकडे व विमा कंपन्यांकडे पाहून लिहिलेला आहे; कॉलेजच्या हजेरीपटाकडे त्याचें लक्ष गेलेलें नाहीं. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत मानसिक आजाराचा समावेश आहे व शिक्षणसंस्थांनीं वाजवी सोयी कराव्यात असेंही आहे. पण सहा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या मुलानें त्यासाठीं दिव्यांगत्वाचा दाखला काढावा, ही अपेक्षा विचित्र होईल.

२०२२ या एका वर्षांत देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपला जीव घेतला, असें राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. त्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची होती. या आंकड्यांचा आधार घेऊन २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षणसंस्थांसाठीं पंधरा मार्गदर्शक सूत्रें घालून दिलीं. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. शिक्षकांना वर्षांतून दोनदां या विषयाचें शिक्षण द्यावें. मदतीचे दूरध्वनि-क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळक लावावेत, असा त्यांचा आशय आहे. फार मोलाचीं सूत्रें. पण रजेचें स्वतंत्र सूत्र त्यांत नाहीं. हजेरीचा प्रश्न थेट हाताळला तो दिल्ली उच्च न्यायालयानें. २०१६ सालीं तेथील कायद्याच्या एका विद्यार्थ्यास हजेरी कमी पडल्यामुळें परीक्षेस बसूं दिलें नाहीं व त्यानंतर त्यानें आत्महत्या केली. त्या प्रकरणांतून उभ्या राहिलेल्या खटल्यांत न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें सांगितलें, कीं केवळ कमी हजेरीसाठीं कायद्याच्या विद्यार्थ्यास परीक्षेपासून अडवूं नये, आणि वकील परिषदेनें आपल्या नियमांचा फेरविचार करावा. निर्णय कनवाळू आहे. तरीही बारकाईनें पाहिलें तर तो सुटीचाच विस्तार आहे. आजारी मुलाला परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. न बसण्याची, आणि तरीही विद्यार्थी राहण्याची, मुभा अजून मिळावयाची आहे.

समुद्रापलीकडे या शब्दावरूनच भांडण झालें. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत मनाच्या आजारासाठीं सत्राच्या मध्यें थांबणाऱ्यास पूर्वीं आपलें नांव काढून घ्यावें लागे, आणि बरें झाल्यावर परत येण्यासाठीं नव्यानें मंजुरी मिळवावी लागे. परतीची खात्री नाहीं म्हणून मुलें आजार लपवीत. नोव्हेंबर २०२२ मध्यें विद्यार्थ्यांच्या बाजूनें दावा दाखल झाला. जानेवारी २०२३ मध्यें विद्यापीठानें 'नांव काढणें' हा प्रकार बदलून त्यास 'रजा' केलें व रजेच्या काळांत आरोग्यविमा चालू ठेवण्याची सोय केली. ऑगस्टमध्यें तडजोड झाली तेव्हां कमी विषय घेऊन शिकण्याचीही वाट मोकळी झाली. अर्थात् रजेलाही दुसरी बाजू आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठावर २०१८ सालीं उलट तक्रारीचा दावा झाला होता, कीं आजारी विद्यार्थ्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध रजेवर धाडलें जातें. २०१९ मधील तडजोडींत त्यालाही आपले नियम सुधारावे लागले. उपद्रव टळावा म्हणून दिलेली रजा म्हणजे गोड नांवाची हकालपट्टी होय. रजा मागणाऱ्यानें मागावयाची असते.

ज्या मराठी घरांतलीं मुलें तिकडे शिकत आहेत, त्यांच्यासाठीं येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतों. एफ-१ परवान्यावर असलेल्या विद्यार्थ्यास आजारामुळें अभ्यास कमी करतां येतो किंवा थांबवितां येतो. डॉक्टरांचें वा मानसतज्ज्ञाचें पत्र लागतें, आणि एका पदवीच्या काळांत एकूण बारा महिन्यांपर्यंत हें चालतें. मात्र विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची मंजुरी आधीं घ्यावी लागते. आधीं वर्ग सोडला व मागाहून कारण सांगितलें, तर परवानाच धोक्यांत येतो.

आधीं सांगणें हें आपल्याकडेही तितकेंच महत्त्वाचें आहे. प्रमाणपत्र सत्राच्या शेवटीं हजेरीची यादी लागल्यावर नेलें म्हणजे कारकुनाला तें बनावट वाटतें, आणि दरसाल त्याच्या टेबलावर जो ढीग पडतो तो पाहतां त्याला फारसा दोषही देतां येत नाहीं. म्हणून मुलगा थांबला त्याच आठवड्यांत पालकांनीं प्राचार्यांस लेखी कळवावें, आणि पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. पत्रांत रोगाचें सारें वर्णन करण्याची गरज मला दिसत नाहीं. किती काळ विश्रांति हवी, उपचार चालू आहेत, आणि परत येतांना डॉक्टरांचा दाखला देऊं, एवढें कॉलेजला पुरावें. मात्र जें लिहावें तें खरें असावें, नाहींतर त्या काविळीसारखी गत होते. मग तोंडीं भेट घेऊन विचारावें: जागा राहील काय, भरलेली फी पुढच्या वर्षास धरली जाईल काय, पुऱ्या झालेल्या प्रात्यक्षिकांचे व सत्रकामाचे गुण टिकतील काय, गेलेलें वर्ष त्या जादा दोन वर्षांच्या मुदतींतून वजा होईल काय. उत्तरें गोड नसतील. पण तीं जानेवारींत कळलेलीं बरीं, जूनमध्यें नव्हेत. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेसही तेव्हांच कळवावें. बँकांच्या कर्जाच्या आदर्श योजनेंत अभ्यासक्रम वेळेवर पुरा न झाल्यास दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देण्याची तरतूद आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, व हप्त्याच्या धास्तीनेंच कित्येक मुलें आजारी अंगानें वर्गांत बसून राहतात.

आणि कॉलेजकडे जाण्यापूर्वीं डॉक्टरांकडे जावें. कोठें जावें हें सुचत नसेल तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठींतून बोलतां येतें.

रजेचा दुरुपयोग होईल, हा आक्षेप मी नेहमीं ऐकतों. होईल, थोडाबहुत होईल. पण ज्याला नुसता आळस करावयाचा आहे, तो अख्खें सत्र मागें राहून, मित्रांच्या मागून एक वर्षानें पदवी घेण्याचा सौदा कशाला करील? खोटीं प्रमाणपत्रें आज निघतात तीं सुटीसाठीं. पांच-सात टक्क्यांची ती उसनवारी असते. सत्राची रजा हा लुच्चाला परवडणारा माल नाहीं.

त्या मुलाचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. तो पुढल्या वर्षीं परत गेला, धाकट्या तुकडींत बसला, आणि त्यानें पदवी घेतली. नंतर दुसऱ्या एका प्रवेशासाठीं मधल्या वर्षाचें 'गॅप सर्टिफिकेट', म्हणजे मुद्रांकावरचें प्रतिज्ञापत्र, करावें लागलें, तेव्हां मी त्याच्याबरोबर होतों. टंकलेखकानें संवयीनें 'घरगुती कारणास्तव' असें लिहावयास घेतलें. मुलगा म्हणाला, "तसें नको, आजारपणामुळें असें लिहा."

"कोणता आजार?" टंकलेखकानें मान वर न करतां विचारलें.

"आजारपण, एवढेंच," तो म्हणाला. टंकलेखकानें तेवढेंच लिहिलें व पुढच्या माणसास हांक मारली.